पेन्शन, पर्थ आणि पलीकडच्या वहिनी

पलीकडच्या वहिनी पर्थहून परतल्या आणि त्यांची जेट लॅग उतरायच्या आधी गल्लीला ऑस्ट्रेलिया पाठ झाला. वहिनी सकाळी तुळशीला पाणी घालायच्या निमित्ताने मागच्या अंगणात येतात आणि आमच्या मधल्या भिंतीला टेकून उभ्या राहतात. भिंत कमरेएवढी. तिच्यावर सध्या माझी आवळ्याची परात उन्हाला असते. बोलता बोलता त्यातली एक फोड त्यांच्या तोंडात जाते. मी काही म्हणत नाही. बातम्यांची किंमत म्हणून चार आवळे महाग नाहीत.

"बोलायला माणूस नाही हो तिकडे," वहिनींनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं.

"असं कसं? शेजार असेल की."

"शेजार आहे. पण मधे कुंपण केवढं! पुरुषभर उंच, पत्र्याचं. पलीकडे कुणीतरी खोकलं एवढं कळतं, कोण खोकलं ते कळत नाही."

"मग समोरच्या बाजूने?"

"समोर कुंपणच नाही. नुसतं गवत. आणि त्या गवतात कुणी उभं राहत नाही. गाडी गॅरेजमध्ये जाते, शटर खाली येतं, संपलं."

मला ते ऐकूनच कसंसं झालं. आमचं देवास म्हणजे कुंपणांचंच गाव आहे म्हणा. तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांनी एकच गाव वाटून घेतलं, थोरली पाती आणि धाकटी पाती. भर बाजारातल्या रस्त्याच्या एका अंगाला एक संस्थान, दुसऱ्या अंगाला दुसरं. टेकडीवर देवीसुद्धा दोन, मोठी माता आणि छोटी माता. पण इतकी वाटणी होऊनही गप्पांना आडकाठी झाल्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

"मग ओळखी होतात तरी कशा?"

"कचऱ्याने," वहिनी म्हणाल्या.

तर ते असं. पर्थमध्ये आठवड्यातून एका ठरल्या दिवशी कचऱ्याची गाडी येते. आदल्या संध्याकाळी चाकांचे मोठे डबे ढकलत रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचे. लाल झाकणाचा, पिवळ्या झाकणाचा, हिरव्या झाकणाचा. कुठला कधी, याचं वेळापत्रक फ्रीजवर लावलेलं. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, म्हणून डबे ढकलायचं काम वहिनींकडे आलं. आणि शेजारच्या घरातले डबे ढकलायला एक इंग्रज आजोबा यायचे, नव्वदीचे. डबा ढकलायचे की डब्याच्या आधाराने चालायचे, हे वहिनींना शेवटपर्यंत कळलं नाही. आजी दारातून ओरडून सांगायच्या, पिवळा नाही, हिरवा!

वहिनी सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. जन्मभर 'अर्ज कसा लिहावा' शिकवलं, ते इंग्रजी पहिल्यांदाच खऱ्या इंग्रजावर वापरायची संधी मिळाली. त्यांनी ती सोडली नाही. डबे दोन मिनिटांत ठेवून व्हायचे, गप्पा अंधार पडेपर्यंत. पर्थच्या त्या उत्तरेकडच्या उपनगरांत म्हणे इंग्रज म्हातारे पुष्कळ. आजोबांचे थोरले भाऊ तरुणपणीच आले होते, दहा पौंडांत. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती, तेव्हा सरकारी योजनेत मोठ्या माणसाने दहा पौंड भरायचे आणि बोटीत बसायचं. ती योजना पार १९८२ पर्यंत चालली. हे धाकटे आजोबा मात्र सगळी नोकरी इंग्लंडमध्ये करून, २००० साली पासष्टाव्या वर्षी निवृत्त होऊन मुलीकडे आले. आणि तिथेच फसले.

"फसले म्हणजे?"

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. आमच्या अंगणात त्या वेळी मी आणि एक खार एवढेच होतो, पण गुपित सांगायची एक रीत असते.

"पेन्शन गोठलं त्यांचं."

हा शब्द ऐकल्याबरोबर आतून आमचे हे बाहेर आले. एरवी हाक मारून येत नाहीत. पण आमच्या गल्लीत पेन्शन हा शब्द उच्चारला की चार घरांतून चार माणसं बाहेर येतात.

वहिनींनी सांगितलं ते मी नंतर ह्यांच्याकडून नीट समजून घेतलं. इंग्लंडचं सरकारी पेन्शन दर एप्रिलमध्ये महागाईप्रमाणे वाढतं. पण तुम्ही कुठल्या देशात राहता त्यावर ती वाढ तुम्हाला मिळणार की नाही ते ठरतं. अमेरिकेत राहा, मिळते. स्पेनमध्ये राहा, मिळते. फिलिपिन्समध्येसुद्धा मिळते. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथे गेलात तर ज्या दिवशी गेलात त्या दिवशीचा आकडा आजन्म. आजोबा २००० साली आले तेव्हा पूर्ण बेसिक पेन्शन आठवड्याला ६७ पौंड ५० पेन्स होतं. त्यांच्याबरोबर निवृत्त झालेला आणि इंग्लंडमध्येच राहिलेला मित्र २०२५ साली १७६ पौंड ४५ पेन्स घेत होता. आजोबांना अजून तेच ६७ पौंड ५० पेन्स. दोघांनी वर्गणी सारखीच भरलेली.

"आणि गंमत ऐका ताई," वहिनी म्हणाल्या, "आजी-आजोबा भेटीला इंग्लंडला गेले ना, की तेवढ्या आठवड्यांपुरतं पेन्शन वाढतं. परत पर्थला उतरले की पुन्हा जुनं."

"म्हणजे माहेरी राहिलं तर तूप, सासरी आलं की कोरडी पोळी," मी म्हटलं.

"कोर्टात का नाही गेले?" ह्यांनी विचारलं. हे महसूल खात्यात होते. यांच्या मते जगातल्या सगळ्या दुःखांवर अपील असतं.

तर अपीलही झालेलं. दक्षिण आफ्रिकेत राहणारी एक इंग्रज बाई लढली. २००५ साली लंडनला हरली, मग स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेली, तिथे २०१० मध्ये हरली. कारण काय, तर वाढ द्यायची ती ज्या देशाशी तसा करार असेल तिथेच, आणि करार कुणाशी करायचा हा सरकारचा प्रश्न. आपल्याकडेही तसा करार नाही. म्हणजे गोव्यात कलंगुटला येऊन राहिलेल्या इंग्रज म्हाताऱ्याचं पेन्शनही गोठलेलंच. तो आपला समुद्राकडे बघत बसतो आणि आपल्याला वाटतं किती सुखी!

"मग त्यांचं चालतं कसं?"

"दहा वर्षं राहिलं की ऑस्ट्रेलियाचं पेन्शन लागू होतं, उत्पन्न बघून. तिथलं सरकार उरलेलं भरून देतं."

"म्हणजे इंग्रज तिथेही दुसऱ्याच्या पैशावर!" हे म्हणाले आणि खूष होऊन खुर्ची ओढून बसले.

आता ह्यांनी खुर्ची ओढली म्हणजे विषय कुठे जाणार ते मला माहीत होतं. मध्य प्रदेशच्या निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या गोठलेल्या पेन्शनचं दुःख फार काळ ऐकवत नाही, त्याला आपलं आठवतं. आमची राहत. महाराष्ट्रात महागाई भत्ता म्हणतात, आमच्याकडे पेन्शनवाल्यांची ती 'महंगाई राहत'. २००० साली छत्तीसगड वेगळं झालं, त्या कायद्यात कलम ४९ आहे. त्याच्या आधाराने जुन्या पेन्शनचा बोजा दोन राज्यांत वाटलेला, म्हणून राहत वाढवायची तर भोपाळने रायपूरला विचारायचं, रायपूरने हो म्हणायचं. नोकरीवाल्यांचा भत्ता वाढला की आमचे हे रायपूरकडे डोळे लावून बसतात. रायपूर आम्ही दोघांनी कधी पाहिलेलं नाही, पण त्याच्या मूडवर आमच्या किराण्याची यादी ठरते.

"उशिरा का होईना, मिळते तरी," वहिनी म्हणाल्या. "आजोबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, मग तुमचं सरकार बरं."

"त्यांना कलम ४९ समजावलंत?" ह्यांनी आशेने विचारलं.

"डबे ठेवायला आलो होतो हो आम्ही!"

पण एका बाबतीत वहिनींचं आणि आजोबांचं जमलं. वहिनी नोव्हेंबरात परत का येतात? दिवाळीसाठी नव्हे. बँकेत तोंड दाखवायला. मी हयात आहे असं स्वतः हयात असलेल्या माणसाने दाखवायचा हा महिना. आजोबांना वहिनींनी हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की डबा धरावा लागला. त्यांनाही इंग्लंडहून टपालाने तसाच कागद येतो. भरून, कुणा मान्य माणसाची साक्षीची सही घेऊन परत पाठवायचा, नाहीतर ते गोठलेलं पेन्शनसुद्धा बंद. साम्राज्य गेलं, पण हा कागद दोन्हीकडे राहिला.

दुपारी धारच्या मावशीचा फोन आला. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण, पण धाकटी आता फक्त नात्याने. धारच्या जुन्या वाड्यात एकटी राहते, खालच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, आणि भाडेकरूशी रोजचं भांडण. दोन्ही मुलं मेलबर्नला. मी तिला आजोबांची गोष्ट सांगितली. मला वाटलं कळवळेल. ती म्हणाली,

"त्यात नवीन काय? आमच्या बाजीरावाचं तेच केलं इंग्रजांनी."

धारच्या माणसाशी पाच मिनिटं बोललं की किल्ला येतोच. पण या वेळी मावशीचं म्हणणं बिनतोड होतं. दुसरा बाजीराव जन्मला धारच्या किल्ल्यात, १७७५ साली. त्याची आई आनंदीबाई तेव्हा तिथे आश्रयाला होती. पुढे पेशवाई बुडाली. १८१८ साली बाजीराव माल्कमसाहेबाच्या स्वाधीन झाला आणि कानपूरजवळ बिठूरला जाऊन राहिला. पेन्शन वर्षाला आठ लाख. गव्हर्नर जनरलला तो आकडा फार वाटला होता. बाजीराव चार-सहा वर्षांत आटोपेल असा हिशेब असणार. तो पुढे ३३ वर्षं जगला. १८१८ ला आठ लाख, १८५१ ला मेला तेव्हाही आठ लाखच, एक रुपया वाढ नाही. आणि मेल्यावर डलहौसीने दत्तक मुलाला, नानासाहेबाला, ते द्यायचं नाकारलं. नानासाहेबाने अजीमुल्ला खानाला लंडनला पाठवलं दाद मागायला. तिकडे नकार.

"पुढे सत्तावन्नला काय झालं ते तुला माहीत आहे," मावशी म्हणाली. "पेन्शनवाल्याला कमी समजू नये."

मी म्हटलं, मावशी, पर्थचे आजोबा काही बंड करणार नाहीत, त्यांना डबासुद्धा जड होतो.

"तू मला सांगू नको. मी तिकडे राहून आलेय. सगळ्या म्हाताऱ्यांच्या पोटात आग असते, तोंडात बिस्किट असतं म्हणून कळत नाही."

मावशी मेलबर्नहून मुदतीच्या आधी परत आली, ती गोष्ट घरात हळू आवाजात बोलली जाते. सुनांशी बिनसलं असणार असा सगळ्यांचा कयास. मी एकदा सरळ विचारलं. ती म्हणाली, "सुना गुणी आहेत. मुलं गुणी आहेत. नातवंडं तर काय विचारूच नको. सगळे इतके चांगले वागतात गं, की भांडायला कुणी नाही. मी दुपारी काय करू?" हे उत्तर मला पटतं. दुपारी भाडेकरूने नळ उघडा टाकला म्हणून ओरडायला मिळणं, याला सुख म्हणायची आपली पद्धत नाही, पण मावशीचा रक्तदाब धारमध्येच ताब्यात असतो हे तिच्या डॉक्टरने सांगितलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनी भिंतीशी आल्या त्या डॉक्टरांचाच विषय घेऊन.

"तिकडे एकच डॉक्टर फुकट," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून गार वारा येतो. फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात त्याला. चाळीसच्या वर पारा गेलेला असतो, आणि तो वारा आला की अख्खं गाव दारं उघडतं. बाकी डॉक्टरांकडे आपण विम्याशिवाय पाय ठेवायचा नाही."

इथेही इंग्रजांचं वेगळं. आजींची बहीण इंग्लंडहून भेटीला आली होती, तिचा पाय मुरगळला. सरकारी इस्पितळात नेलं, बिल नाही. दोन देशांत त्याचा करार आहे, पाहुण्याला निकडीचे उपचार मिळतात. पेन्शनचा करार नाही, पायाचा आहे. आणि वहिनींना दाढ दुखायला लागली तर विम्यात दात नव्हते. लवंगेचं तेल लावून देवास गाठलं आणि इथे येऊन दाढ काढली. विमानाचं तिकीट आधीच काढलेलं होतं म्हणून, नाहीतर दाढेसाठी समुद्र ओलांडला असं कुणीतरी पसरवलं असतं. म्हणजे मीच.

बाकी दिवस कसा जातो तर सगळ्यांचा जातो तसाच. सकाळी नातवाचा डबा, शाळेत पोचवणं, दुपारी आणणं. भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, ग्रंथालयात जाऊन बसतात, कारण तिथे एसी आहे आणि कुणी बोलायचा आग्रह करत नाही. गाडी येत नसेल तर तिकडे माणूस लंगडा. भाजी आणायची म्हटली तरी शनिवारपर्यंत थांबायचं. गवताला पाणी घालायचे दिवससुद्धा घराच्या नंबरावर ठरवून दिलेले. समुद्राचं पाणी गोडं करून पितात आणि तरी रेशन. रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेल्या देवासकराला यात शिकवण्यासारखं काही नाही, पण वहिनींनी मुलाला ऐकवलंच, की बघ, आम्ही बादली जपायचो तेव्हा तू हसायचास.

तिकडच्या महाराष्ट्र मंडळात मात्र वहिनींचा भाव वाढला. मूळ गाव कुठलं विचारलं की पुणेवाले, मुंबईवाले, नागपूरवाले आपापलं सांगतात. वहिनी म्हणाल्या देवास, आणि एक गृहस्थ उठून उभे राहिले. कुमार गंधर्वांचं देवास! १९४८ साली कुमारजी क्षयाच्या आजारात इथली हवा मानवेल म्हणून आले आणि १९९२ पर्यंत इथलेच झाले, एवढ्यावर वहिनींना पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. त्यांनी टेकडीखालच्या 'भानुकुल'चं वर्णन असं केलं की जणू त्या रोज तानपुरा लावून द्यायला जायच्या. प्रत्यक्षात वहिनींना भैरव आणि भैरवी यातला फरक फक्त वेलांटीचा वाटतो.

इंग्रज आजोबांनाही त्यांनी सोडलं नाही. तुमचा फॉर्स्टर आमच्या गावी नोकरीला होता, असं ठणकावून सांगितलं. ते खरंच आहे. ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा चिटणीस होता. इथल्या गोकुळाष्टमीचा गोंधळ पाहून चक्रावला, आणि त्यावर १९५३ साली पुस्तक काढलं, त्याचं नावच आपल्या टेकडीवरून. आजोबांनी त्याच्या एका कादंबरीचा सिनेमा पाहिला होता. ते म्हणाले, म्हणजे आमचा एक माणूस तुमच्याकडे नोकरीला होता आणि आता तुमचा मुलगा इथे. वहिनी म्हणाल्या, हो, पण त्याला व्हिसा लागला नव्हता.

आणि इथून आम्ही खऱ्या विषयावर आलो. म्हणजे बीएनपीवाल्या काकूंच्या घरावर.

बँक नोट प्रेसला आमच्याकडे कुणी पूर्ण नावाने म्हणत नाही. सत्तरच्या दशकात ती सुरू झाली तेव्हा नाशिकरोडहून बरीच मराठी मंडळी आली, त्यातले हे काका. जन्मभर नोटा छापल्या आणि स्वतः सायकलवर फिरले. कोपऱ्यावरचं त्यांचं घर, पुढे पेरूचं झाड. रविवारी त्या घरात दोन अनोळखी माणसं टेप घेऊन मापं काढताना वहिनींनी पाहिली. गच्चीवरून. गच्चीवर त्या गराडू वाळवत होत्या असं त्यांनी सांगितलं. गराडू वाळवत नाहीत, तळतात, पण मी पुढे विचारलं नाही.

"विकताहेत," वहिनी म्हणाल्या. "मुलगा पर्थलाच आहे ना. आमच्या घरापासून वीस मिनिटं. कायमचे चालले."

"कायमचे जाता येतं?"

आणि वहिनींनी मला जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगते, कारण देवास-धार-इंदूरमधल्या निम्म्या मराठी घरांत हाच हिशेब चाललाय आणि प्रत्येक जण तो अर्धवट ऐकून दुसऱ्याला सांगतोय. आईबापांना कायमचं राहायला दोन वाटा. एक स्वस्तातली. तिची रांग तीस वर्षांहून लांब आहे. सरकार स्वतःच तसं सांगतं. सत्तरीच्या माणसाने अर्ज भरायचा आणि शंभरीला विमानात बसायचं. दुसरी पैसे भरून. एका माणसाचे ४८ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे २५ लाखांच्या वर, नवराबायकोचे पन्नास. एवढे भरूनही रांग आहेच, नव्याने अर्ज केला तर दहा वर्षांहून जास्त थांबायचं. वर मुलाने दहा वर्षांची हमी लिहून द्यायची की आईबाप सरकारवर बोजा होणार नाहीत, आणि त्यासाठी बँकेत ठेव अडकवायची.

"त्यापेक्षा आमचं बरं," वहिनी म्हणाल्या. "अर्ज रांगेत टाकून ठेवायचा आणि पाहुणे म्हणून जायचं. अठरा महिन्यांत बारा महिने राहता येतं. सहा महिने बाहेर. त्या सहा महिन्यांत नोव्हेंबर बसवायचा, दाढ बसवायची, घराचा टॅक्स बसवायचा."

मला हे म्हणायला आवडत नाही, पण वहिनींनी जे शोधून काढलंय ते शहाणपणाचं आहे. आजोबांनी पासष्टाव्या वर्षी इंग्लंडचं घर विकलं, सामान बोटीने पाठवलं, एकदाच निर्णय घेतला. तेव्हा तो धाडसी वाटला असेल. आज त्यांना परत जायचं म्हटलं तर त्या ६७ पौंडांवर कोणी भाड्याने खोली देणार नाही. परत गेल्यावर पेन्शन वाढेल, पण परत जाण्यापुरते पैसे साठतील तेव्हा. आपल्या लोकांकडे एवढं धाडसच नाही. आपण जातो तेव्हा किल्ली शेजारी देऊन जातो. गॅसची टाकी बंद, फ्रीज उघडा, देव शेजारच्या देव्हाऱ्यात. पन्नास लाखांनी जे मिळणार नाही ते या किल्लीने मिळतं असं माझं मत झालंय. वहिनींची किल्ली माझ्याकडेच असते, तेव्हा माझं मत निःपक्षपाती नाही हे मान्य.

"पण वहिनी," मला एकदम आठवलं, "काकूंना मुलं तीन ना? एक पर्थला. एक पुण्याला, एक इंदूरला."

वहिनींचा हात परातीवर थांबला.

"मग नाही होणार," त्या म्हणाल्या. "निम्मी तरी मुलं तिकडे कायमची हवीत. नाहीतर निदान दुसऱ्या कुठल्याही एका देशात असतील त्याहून जास्त तिकडे. तीनात एक म्हणजे पहिल्याच पानावर अर्ज परत."

"म्हणजे आपले दोन भारतात राहिले हा गुन्हा?"

"त्यांचं म्हणणं, दोन आहेत ना सांभाळायला, मग तिसऱ्याकडे कशाला."

"त्या दोघांना विचारलंय का कुणी?"

यावर आम्ही दोघी थोडा वेळ मनापासून हसलो. आणि नेमक्या त्याच वेळी फाटक वाजलं आणि काकू स्वतः आल्या. हातात पेरूंची पिशवी. गल्लीत कुणाविषयी बोलत असताना तोच माणूस यावा हे नवीन नाही, पण पेरू घेऊन यावा म्हणजे फार ओशाळं होतं.

"या काकू, बसा. काय म्हणतंय पर्थ?" वहिनींनी विचारलं. इतक्या सहज, की मीच चाट पडले. "मी तुमच्या मुलाकडे मावाबाटी न्यायचा प्रयत्न केला होता हो. विमानतळावर मी इमानदारीने कार्डावर लिहिलं, दुधाची मिठाई. त्यांनी इमानदारीने टोपलीत टाकली. दुधाचं काही चालत नाही."

"राहू दे गं. त्याचं पोट सुटलंय तसंही," काकू म्हणाल्या. खुर्चीवर टेकल्या, पदराने कपाळ पुसलं. "मी सांगायला आले. आम्ही निघालो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी परातीकडे.

"कायमचे?"

"तसंच समजा. यांचे गुडघे बघता ना तुम्ही. जिना होत नाही."

"पण काकू, पर्थला तर ते..."

"पर्थला कोण चाललंय? पुण्याला! धाकटीच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, समोर नाट्यगृह आहे."

"पुण्याला," वहिनी म्हणाल्या. पर्थला जाणाऱ्या माणसाविषयी जेवढा अचंबा वाटला नव्हता तेवढा त्यांच्या आवाजात होता. "काकू, तिथे दुपारी कुणी दार उघडत नाही म्हणतात."

"मला कुठे कुणाकडे जायचंय दुपारी?"

"पोह्यांवर सेव मिळणार नाही. वर जिलबी तर विचारूच नका."

"सेव पाच किलो नेतेय. रतलामी वेगळी, उज्जैनी वेगळी."

"आणि पर्थ?" मी विचारलं.

"पर्थला जाऊ की मधून मधून. पुण्याहूनही विमान उडतंच ना. मुलगा रागावलाय थोडा. म्हणाला, मी एवढी वर्षं बोलावतोय आणि तुम्ही पुण्याला? मी म्हटलं, अरे, पुण्यात मला कुणी विचारत नाही तू किती दिवस राहणार."

वहिनी गप्प. त्यांनी पिशवीतला एक पेरू उचलून वास घेतला, परत ठेवला. मला वाटलं आता काहीतरी मनाला लागलेलं बोलतील.

"मग ती मापं कसली घेत होते रविवारी?" त्यांनी विचारलं.

काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"गराडू वाळवत होते गच्चीवर."

"रंगाऱ्याची माणसं. घर विकत नाही बाई, भाड्याने देणार. यांचा जीव अडकलाय त्या पेरूच्या झाडात. वर्षातून दोनदा येऊ म्हणतात, एकदा पेरूंना आणि एकदा नोव्हेंबरात."

"नोव्हेंबरात कशाला, तुमचं पेन्शन केंद्राचं, पुण्यातूनच दाखला देता येईल," ह्यांनी आतून सांगितलं. हे ऐकत होते तर!

"माहीत आहे हो त्यांना," काकू म्हणाल्या. "पण सांगत नाहीत कुणाला."

वहिनी भिंतीवर थोड्या आणखी पुढे वाकल्या. आवाज खाली आणला, तोच गुपिताचा.

"काकू, भाडं किती धरलंय? माझा भाचा बदली होऊन येतोय जानेवारीत. शाकाहारी आहे. पेरूला पाणी घालेल."